मधला अंक

गेल्या डिसेंबरचा पहिला रविवार, दुपारचे चार. रक्कम दोन हजार चारशे रुपये, टपालखर्च धरून. हजर तिघं: सर, निवृत्त कंडक्टर आणि मी. जागा सरांच्या तुळजापुरातल्या घराची पुढची खोली. मध्ये सतरंजीवर खाकी पुठ्ठ्यात बांधलेलं एक जुनं इंग्रजी मासिक, अजून न फोडलेलं.

"फोडा, मुनीम," सर म्हणाले.

मी मुनीम नाही. एका सरकारी कचेरीत हिशेब बघतो. मुनीम हे मला सरांच्या खेळात मिळालेलं नाव, आणि अठ्ठावीस वर्षांत सरांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. हे मासिक एवढं महाग का पडलं आणि सर त्याची एवढी वाट का बघत होते, ते आधी सांगायला हवं. त्याशिवाय पुठ्ठा फोडण्यात अर्थ नाही.

नोकरीला लागलो तेव्हा माझी पहिली नेमणूक तुळजापूरला झाली आणि सरांच्या घरात मागची खोली भाड्यानं मिळाली. सर अणदूरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. रोज एसटीनं जायचे, एसटीनं यायचे. कानावर पेन्सिल असायची, ती झोपतानाही काढत नसत असं त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, सांगायच्या. भाड्याची बोलणी करायला गेलो, तर भाड्याआधी त्यांनी मला विचारलं, "अंधाऱ्या भुयारात उतरायचंय. तुमच्याजवळ तीनच वस्तू. कुठल्या घ्याल?"

मला वाटलं, नगरपालिकेच्या कामाचं काही असेल. मी म्हणालो, "कंदील, रॉकेलचा डबा आणि वही. किती रॉकेल जळालं ते लिहायला."

"खोली तुमची," सर म्हणाले. आतून काकूंचा आवाज आला, "भाडं ठरलं का पण?"

तसली जुनी मासिकं सरांना सोलापुरात एका रद्दीवाल्याकडे सापडली होती. मुलांना चित्रं काढायला पाठकोरे कागद आणायला ते गेले होते आणि तेवीस अंकांचा गठ्ठा घेऊन आले. परदेशी शिकून आलेल्या कुणाच्या तरी घरातून तो निघाला असावा. मुखपृष्ठांवर पंखवाले अजगर, चिलखतातले सांगाडे, दाढीवाले बुटके. सरांनी गठ्ठा घेतला तो चित्रांसाठी. वाचायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा एक खेळ आहे. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. धोक्याचं काही करायचं असेल तर फासा टाकायचा. जिंकणं-हरणं काही नाही. खेळाचे नियम वेगळ्या पुस्तकात असतात, आणि ते पुस्तक सरांकडे नव्हतं. त्यांनी ते कधी पाहिलंही नाही. मासिकांतल्या जाहिराती, वाचकांची पत्रं, मागच्या अंकातल्या चुकांच्या दुरुस्त्या, एवढ्यावरून त्यांनी सगळा खेळ जुळवला.

वाचकांच्या पत्रांना सर फार मानायचे. इंग्लंडातल्या कुणा पोरानं रागानं लिहिलेलं असायचं की चिलखत घालून पोहता कसं येईल. सर ते वाचून दाखवायचे, त्याचं मराठी करायचे आणि म्हणायचे, "लागू." म्हणजे त्या दिवसापासून आमच्यात चिलखत घालून कुणी पोहायचं नाही. मासिकाला हात लावायच्या आधी ते हात धुवायचे. अंक एका पत्र्याच्या पेटीत असायचे आणि त्यांत कडुनिंबाचा पाला.

एका अंकात स्पर्धा होती. भुयारी किल्ल्याचा नकाशा काढून पाठवा, उत्तम नकाशाला बक्षीस. मुदत संपून बारा-तेरा वर्षं झाली होती. सरांनी तरीही नळदुर्गचा किल्ला काढला. पाणीमहाल, धरणाची भिंत, आतल्या खोल्या, वरून पडणारं पाणी, सगळं मापात. दोन महिने लागले. मी म्हणालो, "सर, मुदत गेली."

"मुदत त्यांची. माझा नकाशा आत्ता झाला, त्याला मी काय करू?"

परदेशी टपालाची तिकिटं लावून त्यांनी तो पाठवला. चार महिन्यांनी पाकीट शिक्के खाऊन परत आलं. सरांनी ते उलटंपालटं करून बघितलं. चेहरा खुलला. "तिथवर जाऊन आलं की हो."

खेळात आम्ही चौघं होतो. सर गोष्ट सांगणारे. कंडक्टर मूळचा येरमाळ्याचा, तुळजापूर-अणदूर गाडीवर असायचा. सरांच्या हातातलं मुखपृष्ठ बघून त्यानं चालत्या गाडीत विचारलं होतं, "सर, ह्यो कुठला सरडा म्हनायचा?" उत्तर ऐकता ऐकता तो दोन थांबे घंटी मारायचा विसरला आणि पुढच्या रविवारी घरी आला. खेळात तो पैलवान झाला. मी मुनीम. आणि काकू.

काकू सुरुवातीला खेळात नव्हत्या. चहा घेऊन आल्या आणि दारात थांबल्या. आम्ही एका पडक्या बुरजात उतरत होतो.

"दोर न घेता उतरायलेत व्हय?" काकू म्हणाल्या. "आन् वर कोन थांबलंय?"

वर कुणीच थांबलं नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "काकू, तुमीच थांबा की." काकू कप खाली ठेवून बसल्या आणि त्या दिवसापासून ताराक्का झाल्या. माहेर कानडी सीमेजवळच्या जळकोटचं, त्यामुळं नावापुढं अक्का आलं. ताराक्काजवळ हत्यार नव्हतं. एक दोर, एक विळा आणि आम्हा दोघांबद्दलचं ठाम मत, एवढ्यावर ती सगळीकडे फिरली. काकूंना एकाच गोष्टीचा अभिमान होता. वडिलांच्या मळ्यातल्या विहिरीत त्या सात वर्षांच्या असताना पोहायला शिकल्या होत्या, आणि तेही थोरल्या भावानं वरून ढकलून दिल्यावर. हे त्या कुठल्याही विषयावरून काढू शकत.

आता फाशाबद्दल. मासिकात जागोजागी वीस बाजूंचा फासा लिहिलेला. आम्ही सहा बाजूंचाच पाहिलेला. वीस बाजूंचा असा फासा जगात असेल हे सरांना पटेना. त्यांनी अर्थ लावला की वीस म्हणजे वीस कवड्या. तुळजापुरात कवड्यांना तोटा नाही, देवळाच्या वाटेवर प्रत्येक दुकानात माळा टांगलेल्या. सरांनी वीस सुट्या कवड्या आणल्या. टाकायच्या आणि उताण्या किती पडल्या ते मोजायचं.

काकू चिडल्या होत्या. "देवीच्या कवड्या जुगाराला?"

"माळेत ववल्या न्हायत, देवीला घातल्या न्हायत. आन् हा जुगार न्हाय. ह्यात कुणी जिंकत न्हाय."

"मग खेळता कशाला?"

ह्यावर सरांनी पुष्कळ वेळ विचार केला होता, असं कंडक्टर सांगतो.

माझा स्वभाव आकड्यांचा. पाच-सहा महिने खेळल्यावर मला जाणवलं की काहीतरी बिघडलंय. दहा वेळा टाकलं तर नऊ वेळा आकडा सात आणि तेराच्या मधलाच यायचा. एक रविवार सरांना समोर बसवून समजावलं. फाशावर एक, दहा, वीस, सगळे सारखेच पडतात. कवड्यांचं तसं नाही. वीसच्या वीस उताण्या पडायला दहा लाखांत एकदा. पालथ्याही तेवढ्याच.

सर म्हणाले, "म्हणजे आपल्या खेळात कुणी मरत न्हाय?"

"मरणार नाही. पण कुणी मोठा पराक्रमही करणार नाही."

"बरंय की," सर म्हणाले. "आपल्या तालुक्यासारखं."

पण मला ते स्वस्थ बसू देईना. पुढं एकदा पुण्याला कार्यालयीन प्रशिक्षणाला गेलो, तेव्हा एका खेळण्यांच्या दुकानात तो खराखुरा फासा मिळाला. लाल, बोराएवढा, वीस बाजूंचा. सरांनी तो तळहातावर घेतला आणि प्रत्येक बाजूवर नख फिरवून वीस मोजल्या. त्याच रविवारी पैलवान दरीवरच्या झुलत्या पुलावर लढत होता. कंडक्टरनं फुंकर मारून फासा टाकला. एक पडला. पत्रांच्या निवाड्यांप्रमाणं एक म्हणजे सगळ्यात वाईट. पूल तुटला, पैलवान दरीत गेला. आठ वर्षं खेळलेला पैलवान होता तो. कंडक्टर उठला. पिशवी उचलली, चपला घातल्या. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मग एके दिवशी सरांनी शाळेत रजा टाकली. त्या दिवसांत कंडक्टरची ड्युटी येरमाळ्याच्या गाडीवर होती. सर स्टँडवर गेले, त्याच्या गाडीत बसले आणि येरमाळ्याचं तिकीट घेतलं. तिकडं काही काम नव्हतं. गाडी रिकामी होत आली तेव्हा सर म्हणाले, "पैलवान झाडाला अडकलाय."

"कुठल्या झाडाला?"

"दरीत. अर्ध्यावर. उंबराचं हाय."

"आवो, मग त्याच दिवशी का न्हाय सांगितलं?"

"त्या दिवशी मला दिसलं न्हाय. दरी खोल होती."

कंडक्टरनं परतीचं तिकीट घेऊ दिलं नाही असं सांगतात. तसं नाही. घेऊ दिलं, नियम तो नियम. पण रविवारी तो आला. सरांनी फासा काकूंच्या शिवणाच्या डब्यात टाकला आणि कवड्या परत बाहेर निघाल्या. काकू मात्र अधूनमधून टोमणा मारायच्या. "तुमच्या ह्या खेळात मरायची सोयच न्हाय. भीती वाटत न्हाय मला."

एक रीत काकूंनीच घातली होती. जो अडचणीतून सुटेल त्यानं कोपऱ्यावरच्या गाड्यावरून सगळ्यांना भजी आणायची. कवड्यांमुळं आम्ही सारखे सुटायचो. भजी पुष्कळ खाल्ली.

आता मधल्या अंकाचं. त्या तेवीस अंकांत एक मोठी मोहीम तीन भागांत छापलेली होती. पहिला भाग सरांकडे होता, तिसरा होता. मधला अंक गठ्ठ्यात नव्हता. पहिल्या भागाच्या शेवटी मंडळी डोंगरातल्या कोरड्या भुयारी किल्ल्यात शिरतात. तिसऱ्या भागाचं पहिलं वाक्य असं: मंडळी चिंब भिजलेल्या अंगानं, थकून, भुयाराच्या पलीकडल्या तोंडाशी येतात. सर त्या वाक्यापाशी अडले होते.

"भिजले कशानं?" ते विचारायचे. जेवताना, गाडीत, एकदा मी तापानं पडलो होतो तेव्हा उशाशी बसून. "कोरडा किल्ला हाय. पाऊस न्हाय. मग भिजले कशानं?"

कंडक्टर म्हणायचा, "घामानं."

तिसरा भाग दुसरा संपल्याशिवाय सुरू करायचा नाही, हा सरांचा नियम. म्हणून दुसरा भाग ते मनानं रचत राहिले. नळदुर्गचा तोच नकाशा जमिनीखाली घातला आणि आम्हाला त्यात फिरवलं. माझं लग्न झालं, बदली झाली, मी धाराशिवला घर बांधलं. कंडक्टर निवृत्त झाला. रविवार दर आठवड्याचा महिन्यावर आला. दुसरा भाग चालूच. मी एकदा म्हणालो, "सर, आता बाहेर काढा आम्हाला."

"कसे भिजले ते कळल्याशिवाय कसं काढू?"

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात आम्ही त्या किल्ल्याच्या तळाशी एका विहिरीपाशी पोचलो. सर म्हणाले, तळ दिसत नाही. ताराक्का दोर बांधून उतरली. अर्ध्यावर गेल्यावर सर म्हणाले की काठाच्या दगडावर घासून दोराचे पदर तुटायला लागलेत. दहा किंवा वर आलं तर दोर टिकला. काकूंनी कवड्या ओंजळीत घेतल्या आणि परत खाली ठेवल्या.

"ह्या बारीला फासा द्या मला," त्या म्हणाल्या. "कवड्यांनी सारखी वाचतेय मी. एकदा खरं भ्यायचंय."

फासा शिवणाच्या डब्यात, डबा माळ्यावर. तेवढ्यात कुणी पाहुणे आले. काकू उठल्या. "ऱ्हाऊ द्या लटकलेली. पुढच्या बारीला टाकते."

पुढची बारी आली नाही. काकूंना सोलापूरला दवाखान्यात नेलं, आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या.

त्यानंतर खेळ झाला नाही. सरांना भेटायला जायचो, चहा व्हायचा, पेटी भिंतीशी असायची. काचबिंदूनं सरांची नजर गेली होती. माणूस समोर असल्याचं कळे, अक्षर दिसत नसे. गेल्या दिवाळीत त्यांनी मला फोन केला. "मुलगा संक्रांतीनंतर पुण्याला न्यायचं म्हणतोय. जातो. पण मुनीम, ती तिथं लटकलेली हाय. मी असा उठून कसा जाऊ?"

मी म्हणालो, "सर, तुम्ही गोष्ट सांगणारे. दोर टिकला म्हणा."

"पैलवानाला झाड दिलं मी. तो परका होता म्हणून देता आलं. माझ्या बायकोच्या दोराचा निकाल मी कसा देऊ? कुणी मानंल का? मी तरी मानीन का? मधल्या अंकात काय लिहिलंय ते बघा. लिहिलेलं मिळालं तर ते लागू."

मी मोबाइलवर तीन आठवडे शोधलं. परदेशातल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे तोच महिना, तेच साल सापडलं. घरी बायकोला रक्कम सांगितली. ती म्हणाली, "एका मासिकाला?" मग म्हणाली, "काकूंचं हाय ना ते? मागवा."

तर तो पुठ्ठा मी फोडला.

मुखपृष्ठ बरोबर होतं. अनुक्रमणिकेत मोहिमेचं नाव होतं, दुसरा भाग, मधली पुरवणी. मी मध्यावर उघडलं. दोन गंजलेल्या पिना होत्या आणि त्यांच्यात कागद नव्हता. ही पुरवणी अंकातून सोडवून घ्यायची असते. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी ती घेतली होती.

"वाचा," सर म्हणाले.

"सर, पानं नाहीत."

"किती न्हायत?"

"आठ. पाहिजे तीच."

कंडक्टर म्हणाला, "बदमाश हायती लेकाचे. पैसं परत मागा, साहेब." माझी तक्रार रास्त होती आणि एरवी मी सोडली नसती. पण सरांचा हात सतरंजीवर काहीतरी चाचपत होता. मासिकापलीकडे शिवणाचा डबा ठेवलेला होता. तो त्यांनी आधीच माळ्यावरून काढवून घेतला होता.

"तिनं फासा मागितला होता," सर म्हणाले. "मी टाकतो. वाचायचा मुनीमनं. आकडा कमी-जास्त सांगितलेला मला चालणार न्हाय, आन् त्याला सांगताही येणार न्हाय."

त्यांनी फासा टाकला. तो मासिकाच्या कडेला लागून थांबला. माझ्या आयुष्यात मी कितीएक आकडे वाचून दाखवलेत. हा वाचायला जड गेला.

"चार," मी म्हणालो.

बाहेर रस्त्यावर संबळ वाजत चाललं होतं, ते लांब गेलं. मग कंडक्टर हळूच म्हणाला, "सर, हितं बी एखादं झाड आसंल की."

"विहिरीत झाड कुठलं."

"मग फासा वाकडा पडला म्हना. परत टाका."

"न्हाय. पडला तो पडला. दोर तुटला." सरांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं वर केली. "मुनीम, विहिरीबद्दल मी काय सांगितलं होतं?"

"तळ दिसत नाही."

"कोरडी म्हणालो होतो?"

मी आठवलं. "नाही. किल्ला कोरडा म्हणाला होतात. विहिरीचं काही बोलला नव्हतात."

"तिसऱ्या भागाचं पहिलं वाक्य वाचा."

ते आम्हा तिघांना पाठ होतं. तरी मी पेटी उघडली, कडुनिंबाचा पाला झटकला, अंक काढला आणि वाचलं. मंडळी चिंब भिजलेल्या अंगानं, थकून, भुयाराच्या पलीकडल्या तोंडाशी येतात.

सर हसायला लागले. आधी आवाज नव्हता, मग खांदे हलले, मग मोठ्यानं. डोळ्यांतून पाणी येत होतं. "भिजले कशानं! पाणी हाय, मुनीम. खाली पाणी हाय आन् पलीकडं वाट हाय. जळकोटची पोर विहिरीत पडून मरंल व्हय? ती खालून हाका मारायली तुम्हाला."

"काय म्हनतेत?" कंडक्टरनं विचारलं.

"म्हणते, वर काय बघत बसलाव, या की."

"म्या मारली उडी," कंडक्टर म्हणाला.

दोघं माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मला पोहता येत नाही."

"आवो, तुमाला कुठं पवायचंय, साहेब? मुनीमाला पवायचंय."

"मुनीमालाही येत नाही. पहिल्याच दिवशी तसं सांगितलंय."

"बरोबर हाय," सर म्हणाले. "त्याला कवड्या द्या."

मी कवड्या टाकल्या. दहा उताण्या. सर म्हणाले, ताराक्कानं मुनीमाचा दंड धरला आणि ओढत पलीकडं काढला, पूर्ण वाट बोलणी देत. अशा रीतीनं दुसरा भाग संपला.

तिसरा आम्ही संक्रांतीच्या आत चार बैठकांत संपवला. छापलेलं सगळं होतं, रचायचं काही नव्हतं, त्यामुळं तो भराभर झाला. सर आता पुण्याला असतात. पेटी माझ्याकडे आहे, मधला अंक धरून चोवीस अंक. रविवारी एखादा काढतो, हात धुऊन. पत्रांच्या पानावर सरांची पेन्सिल दिसते: लागू, लागू, लागू नाही.

त्या दिवसाचा हिशेब असा. विक्रेत्याकडे दोन हजार चारशेची तक्रार केली नाही. फासा कंडक्टरनं मागून घेतला. अडचणीतून पहिली सुटली ती ताराक्का, तेव्हा रीतीप्रमाणं भजी तिच्याकडून. सरांनी स्वयंपाकघरातल्या फळीवरचा काकूंचा दुधाच्या पैशांचा डबा मला आणायला लावला आणि नोटा चाचपून त्यातून दिल्या. चार प्लेट, ऐंशी रुपये, कोपऱ्यावरच्या भजीवाल्याला.